पाठीवरची कडी

१

पट्टा बाबांचा नव्हता.

ठेकेदाराच्या माणसाने पिशवी दारात ठेवली आणि "मास्तरांचं सामान आहे, ताई" एवढं पुटपुटून तो आल्या पावली परत फिरला. पिशवीत बाबांची पाण्याची बाटली होती, टोपी होती, चष्म्याचं रिकामं घर होतं आणि तळाशी गुंडाळलेला पट्टा. कुणीतरी तो कपड्यांच्या साबणाने धुतला होता. बाबांनी असं कधीच केलं नसतं. पट्टा ओल्या फडक्याने पुसायचा आणि सावलीत वाळवायचा, हा त्यांचा शिरस्ता.

बाबा रंगारी होते. मनोरे, धुराडी, पाण्याच्या उंच टाक्या असली कामं करणारी त्यांची छोटी टोळी होती. त्या कामात माणूस चामड्याच्या नव्हे, जाड विणलेल्या पट्ट्यात स्वतःला बांधून घेतो. खांद्यांवरून, छातीवरून, दोन्ही मांड्यांभोवती पट्टे, पाठीवर खांद्यांच्या मधोमध एक लोखंडी कडी, त्या कडीला दोन दोर आणि दोरांच्या टोकांना दोन हुक. हुक वर अडकवलेला असला, की पाय घसरलेला माणूस लटकतो पण जगतो. रोज सकाळी वर चढण्याआधी सगळ्यांचे पट्टे बाबा तपासत, म्हणून टोळीत त्यांना मास्तर म्हणत.

आणि मास्तरच टाकीवरून पडले. अंगावर पट्टा होता, पण हुक कुठेच अडकवलेला नव्हता. छातीवरच्या लूपमध्ये, हुक बाळगायच्या जागी, तो तसाच होता. लोकांनी दोन दिवसांत निकाल लावून टाकला. काही म्हणाले, दिव्याखाली अंधार; जगाचे पट्टे तपासणारा स्वतःचा हुक विसरला. आणि काहींनी आवाज उतरवून दुसरंच सांगितलं: बायको गेल्यापासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं, विसरले कसले, त्यांना जायचंच होतं.

हे दुसरं ऐकल्यापासून लेकीला घास गिळवत नव्हता. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा गप्प झाले होते हे खरं. पण गप्प होणं वेगळं आणि लेकीला मागे सोडून हुक काढणं वेगळं. ती वाचनालयात कामाला होती. रहस्यकथांच्या कपाटापुढे उभी राहून तिने किती वाचकांना किती पुस्तकं सुचवली असतील. त्या पुस्तकांतला मेलेला माणूस वाचकाच्या ओळखीचा कधीच नसतो, ही सोय तिला आत्ता कळत होती.

पट्टा तिने टेबलावर पसरला, आणि हात आपणहून तपासायला लागले. लहानपणीचा खेळच होता तो. डोळे मिटायचे. पट्टा बोटांमध्ये उलटा वाकवायचा, कमानीसारखा, म्हणजे तुटका धागा असला तर केसासारखा उभा राहतो. मग शिवण. मग बकलं. बाबा म्हणायचे, "डोळा फसतो गं बाई, बोट फसत नाही." शेवटी ते पट्टा चढवून पाठमोरे उभे राहायचे. ती स्टुलावर चढून पाठीवरची कडी धरायची आणि जोरात दोन हिसके द्यायची. बाबा भूकंप झाल्यासारखे हलायचे. "पास की नापास?" "पास!" ही कडी ज्याची त्याला तपासता येत नाही. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून जोडीदार लागतो.

बोटं छातीच्या बकलापाशी थांबली.

पट्टा रोज वापरला, की बकल बसतं तिथे त्याला वळ पडतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा हा वळ साबणाने धुतला तरी जात नाही. बाबा काडीसारखे होते. बकल आत्ता आवळलेलं होतं ते त्यांच्याच मापाला, पण तिथे वळ नव्हता. वळ होता चांगला वीतभर बाहेर. मांड्यांच्या पट्ट्यांनाही तसंच. या पट्ट्यात बाबांसारखे दोन बाबा मावले असते.

शिवाय पट्ट्यांची उरलेली टोकं सरळ सपाट होती. टोळीत या टोकांना शेपट्या म्हणतात. बाबा शेपटीला दोन घड्या घालून ती रबरी लूपमध्ये दाबून बसवत. टोळीतच काम करणाऱ्या धाकट्या काकाची कायम लोंबत असे आणि बाबा त्याला शिडीखालून ओरडत, "शेपटी आत घे रे माकडा, अडकशील!"

लेकीने डोळे उघडले. मेलेल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्याचा पट्टा होता. म्हणजे तो कुणीतरी चढवला होता.

२

टाकीचं काम बंद होतं. चार खांबांवर उभी असलेली ती गोल टाकी अर्धी करडी, अर्धी पांढरी अशी तिष्ठत उभी होती. एका खांबाला लागून, भोवती लोखंडी पिंजरा असलेली शिडी, वर टाकीभोवती कठड्याची अरुंद फिरती वाट, आणि पायथ्याशी पत्र्याची शेड.

ठेकेदार शेडमध्ये पंख्याखाली बसला होता. घाबरलेला जाड माणूस पंख्याखालीही घामाघूम होतो.

"बसा ताई. चहा सांगू? नको? बरं." त्याने उगाच टेबलावरची पेनं सारखी केली. "हे बघा, मास्तर मला वडील भावासारखे. पण माझ्यावर खापर फोडून काय होणार?"

"मी कुठे फोडलंय? मी विचारायला आलेय. त्या दिवशी बाबांना तुम्ही वर जाताना पाहिलंत?"

"पाहिलं कशाला, ऐकलं ना! गंज काढायचं मशीन तेव्हा बंद होतं. मी इथेच बसलो होतो आणि शिडीवर ते त्यांचं खण, खण. एक हुक लावायचा, मग दुसरा सोडायचा, मग पुन्हा. बाकीचे पिंजरा आहे म्हणून तसेच चढतात. मास्तर मात्र पायरीगणिक. मी मनात म्हटलं, निघाली म्हाताऱ्याची बैलगाडी." तो हसला आणि लगेच ओशाळला. "सॉरी ताई."

"हसा हो. ते स्वतःच हसायचे."

"तर मला सांगा, जो माणूस शिडीभर एकही हुक चुकवत नाही, तो वर पोचल्यावर विसरेल? विसरणाऱ्यातला नव्हता तो. म्हणून मी म्हणतो..."

"काय म्हणता?"

"की वर गेल्यावर त्यांनी ठरवलं असेल. वहिनी गेल्यानंतर माणूस आतून रिकामा झाला होता. जेवताना डबा उघडून नुसता बघत बसायचे. ताई, मी वाईट अर्थाने नाही बोलत."

लेकीने खिडकीतून शिडीकडे पाहिलं. डबा उघडून बघत बसायचे, हे तिला माहीत नव्हतं. डबा आईने भरलेला नसायचा, एवढंच कारण असणार.

"तेव्हा वर आणखी कोण होतं?"

"कोणी नाही. तुमचे काका शेडमागे रंग कालवत होते. मशीन चालवणारा पैलवान डिझेल आणायला गेला होता. आल्यावर त्याने ते सुरू केलं. त्या आवाजात मग काही ऐकू येण्याची सोयच नाही. त्यालाच मास्तर आधी दिसले. त्याची बोंब ऐकून मी धावलो."

"तुम्ही पोचलात तेव्हा पट्टा बाबांच्या अंगावर होता?"

"होता की. हुक छातीवर. या डोळ्यांनी बघितलं."

शेडच्या भिंतीवर खुंट्या होत्या. टोळीतला प्रत्येक जण आपापल्या खुंटीलाच पट्टा टांगतो, दुसऱ्याच्या खुंटीला हात लावत नाही. बाबांची रिकामी होती. काकाच्या खुंटीवर वापरून मऊ झालेला पट्टा होता. पैलवानाच्या खुंटीवरचा मात्र कोरा करकरीत, कारखान्यातल्या घड्या अजून न मोडलेला.

"पैलवानमामांनी नवा घेतला?"

"हो, परवाच मागून घेतला. जुना खराब झाला म्हणाला. मास्तर असताना नापास पट्टा तिथल्या तिथे कात्रीने कापायचे, पुन्हा कुणी घालू नये म्हणून. आता कापायला कोण आहे? टाकला असेल कुठे."

टाकलेला नव्हता. धुऊन, गुंडाळून, तो तिच्या घरी टेबलावर पसरलेला होता.

३

पैलवान नावाचाच पैलवान नव्हता. दारात उभा राहिला की घरात अंधार पडायचा. लहानपणी लेकीला तो एका हाताने उचलून पाण्याच्या पिंपावर बसवायचा. आज तिला बघून तो आधी आत वळला, मग बाहेर आला, मग त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"ये गं पोरी. जेवलीस?"

"मामा, पट्टा कपड्याच्या साबणाने धुवायचा नसतो. बाबा ओरडले असते."

पैलवान खाटेवर बसला. खाट करकरली.

"तुला कसं कळलं?"

"तुमचं पोट पट्ट्याने लक्षात ठेवलंय."

एरवी या बोलण्यावर तो गडगडाटी हसला असता. आता त्याचे डोळे भरून आले.

"मला तुझ्यासमोर बोलायचं नव्हतं. तुझ्यासाठीच तर केलं सगळं."

"काय केलंत?"

"मी मशीन बंद केलं, वळलो, आणि मास्तर... पोरी, त्यांच्या अंगावर पट्टाच नव्हता. नुसता सदरा. मास्तरांच्या अंगावर पट्टा नाही! देवळात चपला घालून जाईल पण पट्ट्याविना टाकीवर जाणार नाही, असा माणूस. माझ्या मनात एकच आलं. वहिनीकडे निघाले हे. उद्या लोक तुझ्या तोंडावर बोलणार. मी आपला पट्टा काढला, त्यांच्या अंगावर चढवला, आवळला, हुक छातीला लावला आणि मग बोंब मारली. म्हटलं, विसरले म्हणतील. विसरणं चालतं माणसाला."

"म्हणजे हुक विसरले, हे तुम्ही रचलंत."

"मला अक्कल किती? तेवढ्यात जेवढं सुचलं तेवढं."

जे खोटं शोधत ती इथवर आली, ते खोटं तिच्याच मायेपोटी रचलेलं होतं. आणि त्याखाली जे निघालं ते खोट्याहून वाईट होतं. अंगावर पट्टाच नाही.

"त्या सकाळी बाबा कसे होते?" तिने आवाज सरळ ठेवून विचारलं.

"अगं, अगदी नेहमीसारखे! म्हणून तर कळत नाही. तुझ्या काकाचा पट्टा नापास केला. पाठीच्या कडीजवळची शिवण उसवली होती, बोटाला लागली म्हणाले. 'आज तू खाली बसायचं, रंग कालवायचा.' आता काका म्हणजे जन्माचा हट्टी. 'दादा, सगळ्यांसमोर मला शाळेतल्या पोरासारखं वागवू नकोस' म्हणून फुगला. मास्तर कात्री आणायला गेले. कात्री माझ्याकडे होती, ब्रशाचे केस छाटायला घेतली होती. मी पण शोधत बसलो. त्यांना परत यायला वेळ लागला, आले तर पट्टा खुंटीवर नाही! काका कुठे दिसेना, म्हणून मीच म्हटलं, भंगारात टाकला असेल. मग मी डिझेलला गेलो." त्याने नाक पुसलं. "मशीन लावलं नसतं तर काहीतरी कानावर आलं असतं गं. हाक मारली असेल त्यांनी एखादी."

निघताना तो दारापर्यंत आला. "तू हे कुणाला सांगू नकोस," म्हणाला. "विसरलेच म्हण."

४

घरी येऊन ती बाबांच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीलाही त्यांचा खळगा पडला होता आणि तिला तो मोठा व्हायचा. समोर त्यांचा कप, कान तुटलेला. आईने दहादा टाकायला काढला आणि बाबांनी दहादा परत आणला, "अजून पास आहे" म्हणून. माणसाची आठवण माणसासारखी येत नाही. ती कपाच्या तुटक्या कानासारखी येते आणि बोटाला लागते.

आई गेल्यावर बाबांनी एकदाच तिचा विषय काढला होता. म्हणाले होते, टाकीवरून दूरचं फार दिसतं, पण जे बघायचं ते नाही दिसत. तिने तेव्हा त्याचा अर्थ लावला नव्हता. आता सगळे मिळून तो लावत होते, आणि तीही लावायच्या बेतात आली होती.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. एक गोष्ट जुळत नव्हती.

ठेकेदाराने शिडीवर हुक ऐकले होते. खण, खण, पायरीगणिक. हुक पट्ट्याला असतात. म्हणजे वर जाताना पट्टा बाबांच्या अंगावर होता. पैलवानाने पाहिलं तेव्हा नव्हता. ठेकेदाराला खोटं बोलायचं कारण नव्हतं, त्याने आत्महत्या पटवून द्यायला म्हणूनच ते सांगितलं होतं. पैलवानाने तर स्वतःचं खोटं स्वतःच उघडं केलं होतं. दोघं खरं बोलत असतील तर पट्टा वर उतरवला गेला.

कशासाठी?

तिने उठून पैलवानाचा पट्टा अंगावर चढवला आणि परत काढून पाहिला. छातीचं बकल, कमरेचं बकल, दोन्ही मांड्यांची, मग खांदे. सावकाशीचं काम होतं. उडी टाकायला निघालेला माणूस हुक सोडेल. हुक सोडला की झालं. तो एकेक बकल उघडत पट्टा कशाला काढत बसेल?

पट्टा उतरवायचं कारण एकच असतं. तो दुसऱ्याला घालायचा असतो.

म्हणजे वर दुसरं कुणीतरी होतं. पैलवान खाली, मशीनपाशी. ठेकेदार शेडमध्ये. राहिला तो, जो शेडमागे रंग कालवत होता असं सगळे म्हणत होते आणि ज्याला रंग कालवताना कुणीच पाहिलं नव्हतं. ज्याच्या खुंटीवरून नापास पट्टा गायब झाला होता. आणि तरी आज ज्याच्या खुंटीवर पट्टा होता.

दोघा भावांचा बांधा सारखा, काडीसारखा. वळ बघून कुणाला फरक कळला नसता.

पण शेपटी?

५

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये पुन्हा गेली, काकाच्या खुंटीवरचा पट्टा काढला आणि उभ्याउभ्या शेपटीचं टोक बोटांत धरलं. दोन घड्या. इतक्या वर्षांच्या सवयीच्या, की टोक सोडलं तरी आपसूक दुमडत होतं, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं. तिने ते गालाला लावलं. मग पट्टा खांद्यावर टाकून ती काकाच्या घरी गेली.

काका अंगणात पाठमोरा बसला होता. दाढी वाढलेली. भाऊ गेल्यापासून तो तिच्याकडे फिरकला नव्हता, आणि तिला वाटलं होतं, दुःखाने.

"काका."

तो वळला. आधी तिचा चेहरा पाहिला, मग खांद्यावरचा पट्टा. उठायला गेला आणि उठला नाही.

"तुझ्या शेपट्या कधीपासून आत जायला लागल्या रे?"

काकू आतून डोकावली, दोघांकडे बघून परत गेली.

"मी सांगते," लेक म्हणाली. "चुकलं तर थांबव. बाबा कात्री आणायला गेले. तू नापास पट्टा उचललास आणि वर गेलास. त्यांनी परत येऊन खुंटी पाहिली, मग टाकीकडे पाहिलं. तू कठड्याबाहेर होतास. त्यांनी हाक नाही मारली."

"उंचावरच्या माणसाला खालून हाक मारायची नाही," काका पुटपुटला. "दचकतो."

"म्हणून ते चढले. पट्टा घालून, हुक लावत. वर पोचले तेव्हा तुझा पट्टा गेलेला होता."

"उसवला." काकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "तिथेच, पाठीवर. मी खालच्या कडेचा हात मारायला ओणवा झालो आणि पाठीवरचा आधारच गेला. कठड्याचा गज हातात आला म्हणून राहिलो. पाय पन्हाळीएवढ्या पट्टीवर. मग माझे हात मिटले बघ. मीच मिटले, पण उघडेनात. दादा आला. मी म्हटलं, ओढ मला आत. तो म्हणाला, हुक लागल्याशिवाय हात सोडायचा नाही, लहान आहेस का? अगदी तसाच, सकाळसारखा. मला रागसुद्धा आला, पोरी. तशा वेळीही राग आला."

"मग त्यांनी स्वतःचा काढला."

"तो कठड्याच्या आत होता ना. म्हणाला, मला इथे काय होतंय. एक हात माझ्या कंबरेशी, दुसऱ्याने पट्टा जाकिटासारखा चढवला. माझा एकेक हात क्षणभर सोडवून. छातीचं बकल लावलं. हुक गजाला लावला. तेवढ्यावर भागलं असतं गं. पण मांड्यांचे पट्टे राहिले होते. अर्धा बांधलेला पट्टा म्हणजे गळफास, म्हणाला. तो कठड्यावरून पार वाकला, पोटावर. एक लावला. दुसरा लावला. शेपट्यासुद्धा आत सारल्या. आणि मग..."

लेक त्याच्यासमोर खाली बसली. या एका वाक्यासाठी ती इतके दिवस अन्नावाचून होती.

"मग माझ्या पाठीवरून हात नेऊन कडी धरली आणि दोन हिसके दिले. 'पास,' म्हणाला. 'आता सोड हात, मी आहे.' मी सोडले. आणि वाकलेल्या त्याचा पाय सरकला, तसा तो कठड्यावरून गेला. आतल्या वाटेवर माझाच रंग सांडलेला होता, ओला. मी हात पुढे केला. पण मी बांधलेला होतो."

तेव्हा टाकीखाली मशीनची घरघर चालू होती. काकाने हाक मारली असेल, किंवा बाबांनी. ती कुणालाच ऐकू गेली नाही. नंतर मशीन बंद झालं, माणसं बाबांना उचलून गाडीकडे धावली, तेव्हा काका भावाच्या पट्ट्यात बांधलेला शिडी उतरला. फाटका पट्टा त्याने टाकीच्या झाकणातून आत सोडून दिला.

"आणि तू गप्प राहिलास," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर काकाला बरं वाटलं असतं. "लोक म्हणाले, विसरले. तू गप्प. लोक म्हणाले, जायचंच होतं त्यांना. मीसुद्धा तसं मानायला लागले होते, काका. माझ्या बापाने मला टाकलं, असं. आणि तुझ्यापाशी त्यांचा शेवटचा शब्द होता."

"रोज निघतो तुझ्याकडे यायला. कोपऱ्यापर्यंत येतो."

"मग?"

"तू दार उघडलंस तर दादासारखी दिसशील, म्हणून परत फिरतो."

६

टोळी शेडपाशी जमली होती. काम पुन्हा सुरू करायचं होतं, पण कुणी शिडीकडे जात नव्हतं. काकाने ठेकेदारासमोर आणि पैलवानासमोर सगळं सांगितलं. न थांबता, खाली बघून. पैलवान मध्येच उठून टाकीवर गेला, नव्या पट्ट्याचे हुक पायरीगणिक लावत, खण, खण. खाली आला तेव्हा त्याच्या हातात तो फाटका पट्टा होता. कडीजवळची शिवण उसवलेली. मास्तरांच्या बोटाला लागली होती तीच.

ठेकेदाराने घाम पुसला. "म्हणजे मास्तर विसरले नव्हते," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, "आणि जायचंही नव्हतं त्यांना. मी बोललो ते मी परत घेतो, ताई. ज्यांना ज्यांना बोललो त्यांना सांगतो."

लेकीने कात्री मागितली. काकाचा फाटका पट्टा तिने मधोमध कापला. मग पैलवानाचा जुना. "मामा, साबणाने धुतलेला चालत नाही." पैलवान रडता रडता हसला.

बाबांचा पट्टा राहिला. तिने तो बोटांमधून फिरवला, डोळे मिटून, टोकापासून टोकापर्यंत. एकही धागा उभा नव्हता.

"आता आमचे पट्टे तपासायचे कुणी?" पैलवानाने विचारलं.

"मी यापुढे वर जाणार नाही," काका म्हणाला. "मला घरी जाऊ दे."

"वर नको जाऊस," लेक म्हणाली. "रोज सकाळी इथे ये. खाली उभा राहा. नापास शिवण कशी असते, ती पाठीवर उसवली की काय होतं, हे तुझ्याइतकं आता कुणाला माहीत आहे?"

"माझ्याच्याने नाही होणार."

तिने बाबांचा पट्टा खांद्यांवर चढवला. बकलं आवळली नाहीत, त्यांचे वळ जिथे होते तिथेच राहू दिली. पट्टा सैल होता आणि उबदार वाटला, उन्हात टांगलेल्या सदऱ्यासारखा. पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, कडीचं वजन लागलं. हात मागे नेला तर तो तिथवर पोचेना. कुणाचाच पोचत नाही.

ती काकाकडे पाठ करून उभी राहिली.

वेळ गेला. मग कडीला बोटं लागल्याचं तिला जाणवलं. एक हिसका बसला, भीतभीत.

"दोन असतात," ती म्हणाली.

दुसरा हिसका बसला. जोरात, मुळापासून हलवणारा. तिने डोळे मिटले. क्षणभर ती स्टुलावर होती आणि पाठमोरं कुणीतरी भूकंप झाल्यासारखं हलत होतं.

"सांगायचं असतं, काका," ती न वळता म्हणाली. "पास की नापास."